४८ हजाराची गिटार १३ हजाराला गेली, सेकंडहँड घ्यायला निघाले असाल तर वाचून घ्या

लिहू की नको करता करता आठ महिने गेले. लाज वाटते ना, गावातल्या अर्ध्या लोकांचे पीकविम्याचे फॉर्म मी भरून देतो, कुणाच्या मोबाईलवर काही लिंक आली की मलाच दाखवायला आणतात, आणि गंडलो कोण तर मीच. पण मागच्या आठवड्यात मोर्शीकडचा एक ओळखीचा पोट्टा सेम टू सेम स्टोरी सांगत होता, मला गिटार विकणारा तोच नागपूरचा माणूस, तेच "भाऊ रिसेल पक्की आहे", मग म्हटलं आता लिहूनच टाकतो.

माझं गाव वरूड तालुक्यात, घरी संत्र्याचा बगीचा, आणि मी आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्रा म्हणजे फार काही मोठं नाही, सहा जण, एक मिक्सर आणि भाड्याचा टेम्पो. लग्नं, गणपती, नवरात्र, आणि १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे प्रोग्राम, त्या आठवड्यात तर झोपच नसते. मला एका रात्रीचे हजार-दीड हजार भेटतात. आधी माझ्याकडे साधी लाकडी गिटार होती, तिला पिकअप (तारांचा आवाज ॲम्पकडे पाठवते ती पट्टी) चिकटवून वाजवायचो, मॉनिटर म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरजवळ गेलो की अशी शिट्टी मारायची की समोरची पोरं कानात बोटं घालायची. म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची होती. दोन वर्षांत ३३ हजार जमवले, आणि १५ हजार आईनं बचत गटातून उचलून दिले.

डिसेंबर २०२२ मधे काटोलमार्गे एसटीनं नागपूर गाठलं. ज्याच्याकडे गेलो त्याचं दुकान नाही, घरातलीच एक खोली, भिंतीवर वीसेक गिटारी टांगलेल्या, वर पिवळे लाईट. माणूस गोड. नाव विचारलं, गाव विचारलं, संत्र्याचा भाव विचारला, कॉफी पाजली आणि म्हणाला, "भाऊ, आधी वाजवून पाहा, पैशाचं नंतर बोलू."

खरं सांगतो, गिटार चांगली होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटते फसवणूक म्हणजे डुप्लिकेट माल. तसं नव्हतं. इंडोनेशियात बनलेली, महोगनीची बॉडी, वर मेपलचा पट्ट्यापट्ट्याचा पातळ थर, २४ फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या), फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज (तारा अडकवायचा खालचा भाग, स्प्रिंगांवर तोललेला), आणि गळा इतका सपाट गुळगुळीत की हात आपोआपच वर जायचा. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कंपनीची काहीच चूक नाही. पण आमच्या भागात दहा वाजवणाऱ्यांना विचाराल तर नऊ जणांनी ते नाव ऐकलेलं नसेल, एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

मग त्यानं मोबाईल काढला. आधी एक रील, पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१९ मधे न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास ४० लाख डॉलरला गेली. मग दुसरी, गिब्सन कंपनीच्या १९५९ सालच्या लेस पॉल गिटारला आज कोटीत भाव. "गाडी शोरूमच्या बाहेर काढली की पडते भाऊ, गिटार जुनी झाली की चढते." मी मान हलवत बसलो. आता डोकं थंड झाल्यावर समजते, गिल्मरच्या गिटारला भाव आला तो गिल्मरच्या हातामुळे, आणि त्या जुन्या लेस पॉल बनल्याच मोजक्या होत्या. माझ्या मांडीवर होती ती फॅक्टरीतून ढिगानं निघालेली, ती जुनी झाली तर फक्त जुनीच होणार.

शेवटी हिशोब. एका वेबसाईटचा स्क्रीनशॉट दाखवला, किंमत ८९ हजार. "८९ ची वस्तू तुला ४८ मधे देतो, वरून पिकअप इम्पोर्टेड टाकले आहेत, तेच वीस हजाराचे, ओरिजिनलपेक्षा भारी. आणि कधीही परत आण, ८० टक्के रोख देतो." मी म्हटलं लिहून द्या. लगेच व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, "८०% बायबॅक, एनी टाइम". मी खूश, पुरावा झाला. बिल मागितलं तर "सेकंडहँडला कुठं बिल असते बे" म्हणून हसला, आणि पैसे यूपीआयनं टाकायला सांगितले ते तिसऱ्याच कुणाच्या नावावर गेले, भाचा आहे म्हणे. एवढ्यावर उठायला पाहिजे होतं, पण गिटार मांडीवर होती ना, ती खाली ठेववत नव्हती.

घरी आलो. बाबांनी किंमत ऐकली, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "एवढ्यात एका एकराचं ठिबक झालं असतं." आणि उठून बगीच्यात गेले.

संध्याकाळी आमच्या शेजारचे सुतारकाका आले पाहायला. काका सत्तरीचे, जन्मभर सागवानाची दारं-खिडक्या केलेला माणूस, तोंडात खर्रा. त्यांनी गिटार वाजवायला नाही, फळी पाहतात तशी उचलली, एक डोळा मिटून गळ्याच्या लाईनीत पाहिलं, म्हणाले गळा सरळ आहे. मग उलटीपालटी केली, नखानं ठोकली आणि पिकअपपाशी येऊन थांबले. चष्मा वर सरकवला.

"हे खोलेलं हाय रे राजा. पाह्य, बाकीचे पेच कसे नवेनकोर हायेत, अन् या कोपऱ्यातल्याच पेचाच्या खाचा खाल्लेल्या."

मी म्हटलं, "काका, पिकअप बदलवले आहेत, भारीवाले टाकले आहेत."

"मंग जुने कुठी गेले?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं काकांना काय समजते इलेक्ट्रिकमधलं.

पुढच्या सीझनला स्टेजवर भिनभिन सुरू झाली. जनरेटर, फोकस, डिमर चालू झाले की माझ्या ॲम्पमधून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज. आता गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं १९५५ साली हमबकर पिकअप काढला तोच मुळात ही भिनभिन मारायला, दोन कॉईल उलटसुलट जोडल्या की बाहेरून येणारा हम, म्हणजे हीच भिनभिन, एकमेकांत कापली जाते. आणि माझ्या वीस हजाराच्या हमबकरमधून हमच जास्त आणि गाणं कमी. त्यातच एका गणपतीच्या प्रोग्राममधे गाणं भर रंगात असताना पहिली तार तुटली. साध्या ब्रिजवर एक तार गेली तर बाकीच्या पाचावर निभावून नेता येते. तरंगत्या ब्रिजला पुढून तारा ओढतात आणि मागून स्प्रिंगा, बैलजोडीतला एक बैल सुटला की जू कसं वाकडं होते तसं होते, पाचही तारांचा सूर चढला. मी तसाच उभा, हात नुसता वरून फिरवतोय, कीबोर्डवाल्यानं सांभाळून घेतलं. नवी तार टाकून, ॲलन की नं लॉक कसून, सूर लावेपर्यंत पाऊण तास गेला, तोपर्यंत लोकं जेवायला गेली होती.

मग गिटार घेऊन नागपूरलाच दुसऱ्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं तेच खाल्लेले पेच काढले, पिकअप उलटा केला आणि मला आत पाहायला सांगितलं. फॅक्टरीच्या तारा मधेच कापलेल्या, पीळ मारून दुसऱ्या जोडलेल्या, आणि वर काळी टेप. आमच्या मोटरपंपाच्या स्टार्टरमधे असते ना, अगदी तशी. अर्थिंगची तार लोंबकळत होती, भिनभिन तिथूनच. पिकअपच्या पाठीवर ना नाव ना नंबर. "हजार-बाराशेची जोडी आहे," तो म्हणाला, "ओरिजिनल काढून वेगळे विकले असतील." म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर भेटलं, फक्त दीड वर्ष उशिरा. दुरुस्तीचे त्यानं चारशे घेतले, वरून चहा पाजला आणि तासभर जे सांगितलं ते मला ४८ हजाराच्या आधी कुणी सांगायला पाहिजे होतं.

त्यानं तीच गिटार नवी, डबाबंद, वॉरंटी-बिलासकट केवढ्याची ते ऑनलाईन काढून दाखवलं. ५१ हजार. ८९ हा आकडा छापील, त्या भावात ती कुणीच विकत नाही आणि कुणीच घेत नाही. म्हणजे मी तीन हजार वाचवण्यासाठी बिल सोडलं, वॉरंटी सोडली आणि ओरिजिनल पिकअपही सोडले. सेकंडहँडचा भाव छापील किमतीवरून नाही, आज नवी खरोखर केवढ्याला भेटते तिथून खाली मोजायचा. आणि दुकानदार जेव्हा आपल्याकडून घेतो तेव्हा तो जेवढ्याला पुढं विकेल त्याच्या अर्ध्या-साठ टक्क्यांतच घेतो, त्यालाही भाडं आहे, पोट आहे.

पण त्याची दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तो म्हणाला, गिटार चांगली असणं वेगळं आणि चांगली विकली जाणं वेगळं. इंडोनेशियातली एकच फॅक्टरी चार-चार कंपन्यांच्या गिटारी बनवते, लाकूड तसंच, कारागीर तेच, पण डोक्यावर फेंडरवाल्यांचं स्क्वायर नाहीतर गिब्सनवाल्यांचं एपिफोन लिहिलं असेल तर घेणाऱ्याला घरी सांगायला नाव असते. तुझ्यासारखीवर जास्त मेहनत घेतलेली असेल, पण ती विकायला आधी समोरच्याला अर्धा तास समजावून सांगावं लागते, आणि समजावून सांगावं लागलं की भाव पडतो. त्यात तरंगता ब्रिज, खेड्यात त्याला लोक भितात. त्यात पार्ट बदललेले. आपल्याला वाटते वर पैसे टाकले म्हणजे किंमत वाढली, घेणारा मात्र विचारतो काय बिघडलं होतं म्हणून बदलवलं. पिकअप बदलवायचेच असतील तर जुने डबीत घालून जपून ठेव आणि विकताना ओरिजिनल परत बसवून दे, आपण टाकलेले वेगळे विक. आणि वाजवायची असेल तर ही गिटार सेकंडहँडच घ्यायची, पण पंधरा-सोळात, अठ्ठेचाळीसमधे नाही.

२०२४ मधे विकायची वेळ आली. आंबिया बहाराची फळगळ झाली, अर्धा बगीचा झाडाखाली पडला, आणि ज्या व्यापाऱ्यानं इसार दिला होता तो भाव उतरल्यावर तोडायलाच आला नाही. बचत गटाचे हप्ते राहिलेच होते. मी नागपूरच्या त्या दादाला फोन लावला, ४८ चे ८० टक्के म्हणजे ३८,४०० होतात, कधी येऊ?

"कोण बोलतंय?"

ओळख दिली. मग त्याचं सुरू झालं, मार्केट डाऊन आहे, मॉडेल बंद झालं, हा ब्रिज कुणी घेत नाही. आणि वर काय म्हणाला, हे मी जन्मात विसरणार नाही, "आणि भाऊ, तुझ्या गिटारचे पिकअप ओरिजिनल नाहीत ना." म्हणजे त्यानंच काढलेले, त्यानंच दुसरे टाकलेले, आणि त्यासाठीच आता माझा भाव कापणार. ११ हजार देतो म्हणाला. मी म्हटलं तुम्ही लिहून दिलं होतं. "दाखव मग." मी व्हॉट्सॲप उघडलं तर चॅट रिकामी. वर बारीक अक्षरात ओळ, मेसेज आपोआप गायब व्हायची सेटिंग चालू केली आहे, तारीख मी गिटार घेतली त्याच दिवशीची. ती ओळ तेव्हाही समोरच होती, मी वाचली नव्हती. तर असं कुणी काही लिहून दिलं की तिथल्या तिथं स्क्रीनशॉट मारा, आणि नाव-तारखेसह कागदावर सही घ्या, चिठ्ठी का असेना.

मग जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर फोटो टाकला. दहा मिनिटांत एकाचा फोन, आर्मीत आहे, न पाहता ३० हजार देतो, क्यूआर पाठवतो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. हे मात्र मला माहीत होतं, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की आपलेच जातात. मी फोन कट केला. तुमच्यापैकी कुणाचे असे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा, उद्यावर टाकू नका.

शेवटी चांदूर बाजारकडचा एक अकरावीतला पोरगा आला, सोबत त्याचे बाबा. मी त्याला सगळं सांगितलं, पेच दाखवले, टेप दाखवली, तार तुटल्यावर काय होते तेही सांगितलं, ॲलन की चा जुडगा दिला. त्याच्या बाबांना वाटलं मी विकतोय की नको म्हणतोय. पोरगा वाजवत बसला होता, खाली ठेवतच नव्हता, मला तो चेहरा ओळखीचा वाटला. १३ हजार दिले, आईच्या गटाचं मिटलं.

येत्या रविवारी आमच्या कीबोर्डवाल्याला सेकंडहँड कीबोर्ड पाहायला अमरावतीला जायचं आहे. सुतारकाकांना सोबत नेतोय. त्यांना विचारलं येता का, तर म्हणे, "येतो ना, पेचकस माह्या पिशवीतच रायते, पण खर्रा तुह्याकडून."