अँड्रॉइड शिकण्यासाठी पहिले पुस्तक: ‘हेड फर्स्ट अँड्रॉइड डेव्हलपमेंट’

मोबाइल अ‍ॅपचे पुस्तक निवडताना सर्वप्रथम आवृत्तीचे वर्ष पाहावे, कारण गुगलने 2019 मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेला प्राधान्य दिल्यानंतर केवळ जावा या आधीच्या भाषेवर आधारलेली जुनी पुस्तके नवशिक्याला आडवाटेला नेतात. डॉन आणि डेव्हिड ग्रिफिथ्स यांच्या या पुस्तकाची 2021 मधील तिसरी आवृत्ती कोटलिनमध्ये आहे. त्याआधीच्या दोन्ही आवृत्त्या जावामधील असल्याने जुनी प्रत स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

पुस्तकाचे खरे बळ मांडणीत आहे. छोटे अ‍ॅप प्रत्यक्ष बनवताना अ‍ॅक्टिव्हिटीचे (अ‍ॅपच्या एका पडद्याचे) जीवनचक्र उलगडत जाते आणि फोन आडवा करताच पडद्यावरील माहिती का हरवते, हा नवशिक्यांना हमखास छळणारा प्रश्न चित्रे व सराव यांच्या आधारे इतक्या संयमाने सोडवला आहे की पुढील व्ह्यू-मॉडेलची (पडदा नव्याने तयार झाला तरी माहिती जपणाऱ्या घटकाची) गरज आपोआप पटते.

मर्यादाही आहेत. कोटलिनची तोंडओळख गृहीत धरलेली आहे. शिवाय बहुतांश भर पडद्याची रचना एक्सएमएल फाइलींमध्ये लिहिण्याच्या जुन्या पद्धतीवर असून ती रचना थेट कोटलिनमध्ये लिहू देणारे जेटपॅक कंपोज हे गुगलचे नवे साधन अगदी शेवटी येते, आणि आज नवी अ‍ॅप्स कंपोजमध्ये लिहिण्याची शिफारस खुद्द गुगलच करते. त्यामुळे पाया पक्का करण्यासाठी मी हे पुस्तक निःसंकोच सुचवेन, मात्र कंपोजसाठी गुगलचा मोफत अभ्यासक्रम सोबत ठेवावा.