सव्वीस हजार पौंडांची भेट

सांगलीतल्या एका पतसंस्थेत चौदा वर्षं मी कर्जविभाग बघतोय. समोरचा कितीही गोड बोलला तरी सातबारा, फेरफार आणि जामीनदाराच्या पगाराचा दाखला बघितल्याशिवाय मी पन्नास हजारसुद्धा सोडत नाही. म्हशीसाठी कर्ज मागितलं तर गोठ्यात जाऊन म्हशीच्या कानातला बिल्ला तपासून येणारा माणूस मी. आणि याच माणसाने ३२ लाख रुपये एक कागद न तपासता देऊन टाकले. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. पैशांपेक्षा लाज जास्त होती.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी जाऊ बघणाऱ्यांसाठी एका फर्मचा सेमिनार होता. पुण्यात बाणेरला त्यांचं ऑफिस. स्टेजवरच्या माणसाने पहिलं वाक्यच असं टाकलं: "आम्ही व्हिसा विकत नाही. व्हिसा विकणारे चोर असतात. आम्ही तुम्हाला धंद्यात हिस्सा देतो, व्हिसा त्याच्या मागून येतो." मला ते पटलं. एजंटला लाखो रुपये देऊन कुणाच्या तरी हॉटेलात भांडी घासायला जाणारे वेगळे आणि भागीदार म्हणून जाणारा मी वेगळा, असं काहीतरी डोक्यात बसलं. वय ३९, मुलगा आठवीत, पगार वर्षाला हजार-बाराशेने वाढणारा. माणूस काय काय स्वतःला पटवून देतो!

योजना अशी होती. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात एक मराठी माणूस टेकअवे आणि डब्यांचा व्यवसाय करतो. त्याला धंदा वाढवायचाय. २६ हजार पौंड भरले की कंपनीत वीस टक्के हिस्सा. शिवाय तीच कंपनी मला रेस्टॉरंट मॅनेजर म्हणून स्पॉन्सर करणार, म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसा. बायको-मुलगा डिपेंडंट. पाच वर्षांनी कायमचं राहण्याचा अर्ज.

यातलं सगळंच खोटं नव्हतं, आणि तिथेच मी अडकलो. ब्रिटनमध्ये स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस कामाला आणायचा सरकारी परवाना, असलेली कंपनी आपल्याच भागधारकाला कामावर ठेवू शकते. पूर्वी दहा टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्यांना सहसा अडवायचे, ती अट डिसेंबर २०२० मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसा आला तेव्हा गेली. फक्त जागा खरी हवी, काम खरं हवं, पगार खरा हवा. पैसे टाकून थेट व्हिसा देणारे जुने मार्ग मात्र बंद झालेत. दोन लाख पौंडांचा आँत्रप्रेन्योर व्हिसा मार्च २०१९ मध्ये नव्या अर्जांना बंद झाला, वीस लाख पौंडांचा इन्व्हेस्टर व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये. म्हणजे सरकार ज्यासाठी दोन लाख पौंड मागत होतं, ते बाणेरचा माणूस मला २६ हजारांत देत होता. कर्जविभागात कुणी बाजारभावाच्या आठव्या भागात जमीन मिळतेय म्हणून आला असता, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

मी प्रश्न विचारले नाहीत असं नाही. पण आज ते व्हॉट्सॲप संभाषण पुन्हा वाचताना गंमत कळते. व्हिसाचं विचारलं की धंद्याचं उत्तर यायचं आणि धंद्याचं विचारलं की व्हिसाचं. "सर, स्पॉन्सर लायसन्सची कॉपी मिळेल का?" तर "सर, तुम्ही पार्टनर आहात, नोकरीवाल्यासारखं काय विचारताय?" बरं, मग कंपनीचा ताळेबंद? "सर, रिटर्न बघताय की फॅमिलीचं फ्यूचर? पहिल्या वर्षी प्रॉफिट नाही झाला तरी तुमचा पगार फिक्स आहे." पगार फिक्स म्हटल्यावर मी गप्प. एका आश्वासनाला दुसरं जामीन आणि दुसऱ्याला पहिलं. दोन कर्जबाजारी एकमेकांना जामीन राहतात तेव्हा आम्ही ती फाइल तिथेच बंद करतो.

लेस्टरवाल्याशी व्हिडिओ कॉल झाला. मोबाइल फिरवत त्याने दुकान दाखवलं. काउंटर, फ्रायर, मागचं किचन, दुपारची चांगली गर्दी. मला "दादा" म्हणाला. मूळचा कराडकडचा, असं सांगितलं. घरच्यांची चौकशी केली, तात्यांच्या गुडघ्याचं विचारलं. आपला माणूस.

मग ४ डिसेंबर २०२३ उजाडला. ब्रिटनचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी संसदेत जाहीर केलं की स्किल्ड वर्करची किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर जाणार. नंतर तारीख ठरली ४ एप्रिल २०२४. ही बातमी शंभर टक्के खरी होती. बाणेरच्या माणसाने लिंक पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "डिसिजन तुमचा, सर." त्याआधी मी चार वकिलांना विचारणार होतो. त्यानंतर एकालाही विचारलं नाही.

आता बँकेचा भाग. हा नीट वाचा.

परदेशातल्या कंपनीचे शेअर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण तिथली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर ती थेट परदेशी गुंतवणूक धरली जाते. बँकेत फॉर्म एफसी भरावा लागतो, रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीला क्रमांक मिळतो आणि सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा बँकेला द्यावा लागतो. कटकट आहे, पण या कटकटीत बँक त्या कंपनीचं नाव-गाव विचारते. ही एक चाळणी माझ्यासाठी फुकट लावून ठेवली होती.

बाणेरच्या माणसाने ती चुकवायला सांगितली, आणि कारण दिलं टीसीएसचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस लागू झाला होता. "सर, फुकटचे चार लाख कशाला अडकवता? चार जणांच्या नावाने पाठवा, प्रत्येकी सातच्या आत. पर्पजमध्ये गिफ्ट लिहा. आणि कंपनीच्या नाही, डायरेक्टरच्या पर्सनल खात्यात. कंपनीचं खातं बँकेच्या रिव्ह्यूमध्ये आहे."

टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, हे मी रोज लोकांना सांगतो. तरीही मी हो म्हणालो. माझे ६,५०० पौंड, बायकोचे ६,५००, धाकट्या भावाचे ६,५०० आणि तात्यांचे ६,५००. प्रत्येकी ६ लाख ८५ हजारांच्या आसपास. मिरज रोडचा प्लॉट विकला होता, शिवाय बायकोच्या पाटल्या आणि राणीहारावर कर्ज. तात्या एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यात कुणाच्या लग्नात ५०१च्या वर आहेर केला नाही. त्यांनी चष्मा लावून, हात थरथरत, न बघितलेल्या माणसाला पावणेसात लाखांची "भेट" दिल्याच्या कागदावर सही केली. "आहेर समजायचा का हा?" एवढंच म्हणाले. बँकेतली मुलगी हसली. मीही हसलो.

हे जानेवारी २०२४. वर साडेचार लाख रोख बाणेरला दिले. पावती "बिझनेस प्लॅन तयार करण्याचे शुल्क" अशी, जीएसटी क्रमांक नाही.

फेब्रुवारीत शेअर सर्टिफिकेटची पीडीएफ आली, सोनेरी किनारीची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्हिसाच्या अर्जाला लागणारं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप आलं. "४ एप्रिलच्या आधी काढलं बघा, सर!" आम्ही घरात पेढे वाटले. पण अर्ज भरायचा नाही म्हणाले, स्पॉन्सरच्या सिस्टिममध्ये एक अप्रूव्हल बाकी आहे. एप्रिल गेला. मे गेला. ते सर्टिफिकेट निघाल्यापासून तीन महिन्यांत वापरावं लागतं, ही साधी गोष्ट मला जुलैत कळली. खरं तर ते सर्टिफिकेट म्हणजे होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याच्या सिस्टिममधली नोंद असते. आपल्याला महत्त्वाचा असतो तो तिचा क्रमांक. सुंदर छापील पीडीएफ कुणीही बनवेल.

शेवटी धागा सुटला तो टीबीच्या तपासणीवरून. व्हिसासाठी मुंबईला जाऊन आम्ही तिघांनी छातीचे एक्स-रे काढले होते. तो दाखला सहा महिने चालतो. ऑगस्टमध्ये फाइल आवरताना बायको म्हणाली, "अहो, हा संपला की. परत काढायचा?" त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मुलगी लेस्टरला शिकते. तिला पत्ता पाठवला. ती शनिवारी बेलग्रेव्ह रोडला गेली. दुकान होतं. गर्दी होती. मालक वेगळा होता. तो सभ्यपणे म्हणाला की हो, तो माणूस माझं मागचं किचन मंगळवारी आणि शुक्रवारी भाड्याने घ्यायचा, डबे करायचा, मार्चपासून आला नाही. म्हणजे धंदा होता, आठवड्यातून दोन दिवस. त्यातला वीस टक्के माझा.

त्यानंतर जे मी दहा महिने आधी करायला हवं होतं ते केलं. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाची, म्हणजे कंपनीज हाउसची यादी कुणालाही फुकट बघता येते. खातं काढावं लागत नाही. शेअर सर्टिफिकेटवरचा आठ आकडी क्रमांक टाकला. कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे आमच्या सेमिनारनंतर स्थापन झालेली. तेव्हा तिथे ऑनलाइन कंपनी काढायला १२ पौंड लागायचे. एकूण शंभर शेअर, सगळे एकाच माणसाकडे. नवे शेअर दिले तर महिन्याभरात एसएच०१ नावाचा फॉर्म भरावा लागतो. तसा एकही फॉर्म नाही. माझं नाव कुठेच नाही. आणि लायसन्सधारक स्पॉन्सर कंपन्यांची जी यादी ब्रिटन सरकार स्वतः छापतं, त्यात ही कंपनी नव्हती. बाणेरला मला स्क्रीनवर त्या यादीतलं जे नाव दाखवलं होतं ती वुल्वरहॅम्प्टनची दुसरीच कंपनी. नावात एका शब्दाचा फरक. मी "फूड" वाचलं आणि मान डोलावली.

बाणेरचं ऑफिस तोवर दुसरीकडे हललं होतं, पण फोन लागला. त्यांचं उत्तर फार शांत होतं. आम्ही भरती एजंट नाही, त्यामुळे एमिग्रेशन ॲक्टखालची नोंदणी आम्हाला लागत नाही. आम्ही व्हिसाचं वचन दिलेलं नाही. आम्ही बिझनेस प्लॅनचे पैसे घेतले आणि प्लॅन दिला. खरंच दिला होता. चौतीस पानांचा, स्पायरल बाइंडिंगचा. कपाटात आहे.

पोलिसांत गेलो. इकडून तिकडे करत अर्ज आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत पोचला. व्यवहार १ जुलै २०२४च्या आधीचा, म्हणून नवीन भारतीय न्याय संहिता नाही, जुनं ४२० कलम. अधिकारी वाईट नव्हते. बँकेचे चार कागद त्यांनी टेबलावर ओळीने लावले, "पर्पज"वर बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही चौघांनी याला भेट दिलीय. भेट दिली तर फसवणूक कशी?" चॅट दाखवलं, त्यांनी लिहून घेतलं. तपास चालू आहे. परदेशी गुंतवणूक भेट म्हणून पाठवली, यात परकीय चलन कायद्याचा भंग माझ्याच बाजूने झालाय, हे नंतर सीएने समजावलं. तक्रार करायला गेलेला मी, आणि कबुलीजबाबही माझाच.

कंपनीज हाउसवर एखादी कंपनी "फॉलो" केली की तिच्या हालचालीचा ईमेल येतो. तशी मी केली होती. जानेवारी २०२५ मध्ये ईमेल आला: कंपनी नोंदणीतून काढून टाकण्याचा अर्ज, डायरेक्टरनेच केलेला. गॅझेटमध्ये नोटीस लागल्यापासून दोन महिने असतात, त्यात ज्याचं देणं आहे तो आक्षेप घेऊ शकतो. मी रात्री बसून आक्षेप पाठवला. सोबत देणं असल्याचा पुरावा जोडायचा होता. माझ्याकडच्या बँकेच्या एकाही कागदावर त्या कंपनीचं नाव नव्हतं. पैसे कंपनीला गेलेच नव्हते, एका माणसाला भेट गेले होते. कंपनी मिटली. अशा कंपनीत काही शिल्लक उरली तर ती तिथल्या राजमुकुटाकडे जाते म्हणे. माझे पैसे त्यात असते तर निदान चार्ल्स राजाला तरी मिळाले असते.

पाटल्या अजून सोडवायच्या आहेत. कुणी आता असा हिस्सा घेणार असेल आणि समोरचा म्हणाला की कंपनीच्या खात्यात नको, माझ्या खात्यात टाका, तर तेवढ्यावरून उठा. चहासुद्धा संपवू नका.

मागच्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला. त्याचं विट्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, रिटर्न भरतो साडेचार लाखांचं. आयकर खात्याकडून मेसेज आलाय, परदेशात पाठवलेल्या रकमेबद्दल. म्हणाला, "दादा, पैसे कुठनं आणले ते विचारतायत, आणि कुणाला दिले, तो तुमचा कोण लागतो तेपण. काय लिहू?"

मी म्हटलं, थांब, सीएला विचारतो. अजून विचारलेलं नाही.