शूटिंगची डायरी की नंतरच्या आठवणी?

दिग्दर्शक आपल्या कामाबद्दल दोन वेळा लिहितो: शूटिंग चालू असताना, नाहीतर सगळं निवल्यावर.

पहिल्या प्रकारात जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोगची डायरी घ्या. ‘फिट्झकराल्डो’ चित्रपटासाठी पेरूच्या जंगलात डोंगरावरून खरीखुरी आगबोट ओढून नेण्याचा खटाटोप त्याने केला. तो चित्रपट 1982 मध्ये आला. त्या दिवसांच्या नोंदी मात्र पुस्तकरूपात यायला 2004 उजाडलं. मधली वीसेक वर्षं त्या वह्या उघडून वाचायची त्याची तयारीच नव्हती. गंमत म्हणजे त्यात चित्रीकरणाचा तपशील कमीच. पाऊस, प्राणी, चिखल, ताप आणि भ्रम यांचीच गर्दी. कॅमेरा कुठे ठेवला हे शोधायला जाल तर हात हलवत परत याल.

अमेरिकन दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचं 1995 चं ‘मेकिंग मूव्हीज’ हे पुस्तक याच्या अगदी उलट. जवळपास चार दशकं चित्रपट केल्यावर त्याने ते शांतपणे लिहिलं. जवळपास सगळा एकाच खोलीत घडणाऱ्या त्याच्या 1957 च्या ‘12 अँग्री मेन’मध्ये कॅमेरा आधी नजरेच्या वर, मग नजरेच्या पातळीवर आणि शेवटी खाली आणला, शिवाय लेन्स हळूहळू लांब पल्ल्याच्या वापरल्या; खोली आवळत गेल्यासारखी वाटते ती यामुळे, हे तो सरळ सांगतो. पण इतक्या वर्षांनी प्रत्येक निर्णय शहाणपणाचाच वाटतो, ही आठवणींची जुनी खोड. सेटवरची घालमेल तिथे इस्त्री होऊन येते.

शिकायचं असेल तर ल्युमेट. मी पुन्हा पुन्हा उघडतो ती मात्र हेर्झोगचीच वही.