अँड्रॉइड की आयफोन : कोकणात रोजच्या वापरासाठी कोणता फोन घ्यावा?

स्मार्टफोन घेऊ इच्छिणाऱ्यासमोर आज प्रत्यक्षात दोनच कार्यप्रणाली आहेत : गुगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस. विंडोज फोन केव्हाच मागे पडला आणि जिओफोनमधील कायओएस ही मुळात बटणांच्या फोनसाठीची सोय आहे. पर्याय दोनच असले, तरी निवड वाटते तितकी सरळ नाही. आयफोन एकाच कंपनीचा असतो, तर अँड्रॉइड या एका नावाखाली दहा हजारांचाही फोन येतो आणि लाखाच्या पुढचाही. दहा हजारांचा अँड्रॉइड आणि सत्तर-ऐंशी हजारांचा आयफोन शेजारी ठेवून ‘अँड्रॉइड अडकतो’ असा निकाल देणे योग्य नव्हे. तो फरक कार्यप्रणालीचा कमी आणि किमतीचा अधिक असतो. म्हणून पुढील तुलनेत साधारण पंचवीस ते चाळीस हजारांचा अँड्रॉइड आणि नवा किंवा एखाद्या चाकरमानी नातलगाकडून आलेला वापरलेला आयफोन असे दोन पर्याय गृहीत धरले आहेत. किनारपट्टीवरील बहुतेक घरांपुढे खरी निवड याच दोहोंमध्ये असते.

रोजच्या वापरात सर्वाधिक वेळ जातो तो लिहिण्यात, आणि येथे दोहोंतील अंतर अजूनही जाणवते. अँड्रॉइडचे सर्व पडदे मराठीतून दिसण्याची सोय २०१४ पासून, म्हणजे अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून आहे; आयफोनवर संपूर्ण मराठी मांडणी २०२५ मध्ये आयओएस १८.४ बरोबर आली. कळफलकाचेही तसेच आहे. एखादा आंबा बागायतदार पुण्याच्या गिऱ्हाईकाला ‘पाच डझनी पेटी परवा एसटीने पाठवतो’ असे कळवतो, तेव्हा तो बहुधा रोमन अक्षरांत ‘पी-ई-टी-आय’ अशी बोटे चालवतो आणि वरच्या पट्टीत उमटलेला ‘पेटी’ हा शब्द टिपतो. गुगलच्या जीबोर्डवर ही पद्धत इतकी मुरलेली आहे की जोडाक्षरांचा विचारही करावा लागत नाही. ज्यांना तेवढेही नको असते ते माइकची खूण दाबून सरळ बोलतात. मराठी बोलणे ऐकून लिहिण्याची ही सोय गुगलने २०१७ मध्ये दिली आणि वयस्क माणसांच्या हाती ती कमालीची उपयोगी ठरली आहे. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा कळफलक आता ॲपलकडेही आहे. तो कामचलाऊ म्हणावा असा मुळीच नाही, पण अँड्रॉइडवरून येणाऱ्याला सुरुवातीचे काही आठवडे तो परका वाटतो. आयफोनवर जीबोर्डही घालता येतो. मात्र पासवर्डच्या रकान्यात आयओएस परस्पर स्वतःचा कळफलक पुढे करते आणि ही अदलाबदल का झाली, हे नवख्याला उमगत नाही. मालवणीत लिहिणाऱ्याने मात्र दोन्हीकडे स्वयंदुरुस्ती बंदच ठेवावी. ‘इलंय’ आणि ‘खंय’ या शब्दांशी दोन्ही कंपन्यांची अजून ओळख झालेली नाही.

दुसरा मुद्दा रेंजचा. बाजारपेठेत एका कंपनीची रेंज मिळते, घाटी उतरून वाडीत गेले की ती नाहीशी होते आणि तेथे दुसऱ्याच कंपनीचे सिम चालते, हा अनुभव दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणालाही सांगावा लागत नाही. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत दोन सिमकार्डे सरळ बसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य आयफोनांत एकच कार्ड बसते आणि दुसरा क्रमांक ई-सिमच्या, म्हणजे कार्डाविना फोनातच भरल्या जाणाऱ्या सिमच्या, रूपात घ्यावा लागतो. ई-सिम सोयीचे आहे, परंतु फोन बंद पडला तर कार्ड काढून दुसऱ्याच्या फोनात घालणे शक्य होत नाही. पावसाळ्यात फोन भिजून बंद पडला, की शेजाऱ्याच्या जुन्या फोनात आपले कार्ड घालून दोन दिवस निभावून नेणारी माणसे येथे पुष्कळ आहेत. त्यांनी आयफोन घेतला तरी बँकेशी जोडलेला क्रमांक कार्डावरच ठेवावा आणि ई-सिमवर दुय्यम क्रमांक टाकावा.

आता पैसे देण्याघेण्याकडे वळू. यूपीआयची सर्व प्रमुख ॲप दोन्हीकडे आहेत आणि रोजचा व्यवहार दोन्हीकडे सारखाच चालतो. फरक जाणवतो तो फोन उघडताना. हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव चालू असताना मासळी हाताळणाऱ्या बाईच्या बोटांवर पाणी, खवले आणि बर्फ असतो. अशा बोटाचा ठसा फोनला पटत नाही, आणि तीन-चार वेळा नकार आल्यावर तिला पदराला हात पुसून आकडे दाबावे लागतात. आयफोन चेहरा पाहून उघडतो आणि बँकांची ॲपही ती ओळख मान्य करतात. चेहऱ्याने उघडण्याची सोय अँड्रॉइडमध्येही असते, पण मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत ती केवळ पुढच्या कॅमेऱ्यावर अवलंबून असल्यामुळे फोन उघडतो, बँकेचे ॲप मात्र पुन्हा ठसा किंवा आकडे मागते. यूपीआयचा पिन तर बहुधा दोन्हीकडे द्यावा लागतो. ओल्या हातांचा धंदा असलेल्यांसाठी हा फरक किरकोळ नाही. याउलट यूपीआयची पहिली नोंदणी अँड्रॉइडवर सोपी जाते, कारण तेथे ॲप परवानगी घेऊन पडताळणीचा एसएमएस स्वतःच पाठवते. आयफोनवर तो तयार मजकूर आपणच पाठवायचा असतो आणि दोन क्रमांक असतील तर तो नेमक्या क्रमांकावरून जातो आहे ना, हे पाहावे लागते. नोंदणी अर्धवट राहिल्याच्या तक्रारी बहुधा येथूनच उद्भवतात.

सुरक्षिततेच्या प्रश्नावर मात्र माझे मत एका बाजूला स्पष्ट झुकते. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’, ‘वाहनाचे चलान’ किंवा ‘शेतकरी योजनेची यादी’ अशा नावाने येणाऱ्या एपीके फायलींनी, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणाऱ्या फायलींनी, अनेकांची खाती रिकामी केली आहेत. पत्रिका समजून ती फाइल उघडली, पुढे आलेल्या परवानग्यांना ‘हो’ म्हटले, की ते ॲप फोनवर येणारे एसएमएस वाचू लागते आणि ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतात. अँड्रॉइड अशा वेळी इशारा देते, गुगलची प्ले प्रोटेक्ट ही तपासणीची सोय पुष्कळदा अशी फाइल अडवतेही; पण ज्याला इशारा वाचण्यापेक्षा पत्रिका पाहण्याची घाई असते, तो पुढे जातोच. आयफोनवर एपीके फाइल चालतच नाही आणि फोनवर आलेले एसएमएस वाचण्याची मुभा आयओएस सर्वसाधारण ॲपना देत नाही. आयफोन वापरणारा फसत नाही असा याचा अर्थ नव्हे. दूरध्वनीवरून बोलण्यात गुंतवून पिन काढून घेणारा भामटा दोघांनाही सारखाच गाठतो. तरीही घरात एकटे राहणारे, पेन्शन खात्यात जमा होणारे आणि आलेली प्रत्येक गोष्ट उघडून पाहणारे आईवडील असतील, तर त्यांच्यासाठी मुलाचा जुना आयफोन हा नव्या स्वस्त अँड्रॉइडपेक्षा बरा, असे मला वाटते. अँड्रॉइडच द्यायचा असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर यांची अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी बंद असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. स्वस्त अँड्रॉइड फोनांच्या पडद्यावर न मागता झळकणाऱ्या जाहिराती आणि आधीपासून भरलेली नको ती ॲप हाही याच दुखण्याचा एक भाग आहे : जाहिरात कोणती आणि फोनची खरी सूचना कोणती, हे वयस्क माणसाला कळेनासे होते.

हाताळणीत जो फरक आहे तो सवयीचा आहे, पण ती सवय सुटता सुटत नाही. अँड्रॉइडमध्ये पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढले की माणूस एक पायरी मागे येतो आणि हा नियम जवळपास सर्वत्र लागू पडतो. आयफोनवर मागे येण्याची खूण बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात असते किंवा डाव्या कडेवरून बोट ओढावे लागते. काही ठिकाणी यांपैकी काहीच चालत नाही आणि खिडकी खाली ढकलावी लागते. सूचनांच्या बाबतीतही अँड्रॉइड सरस आहे. न पाहिलेल्या संदेशाची बारीक खूण वरच्या पट्टीत टिकून राहते. आयफोनवर कुलूप उघडले की सूचना पडद्याआड जातात आणि विसरल्या जातात. पण या सरसपणाला एक मोठा अपवाद आहे. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अनेक अँड्रॉइड उत्पादक मागे चालू असलेली ॲप झोपवून टाकतात. होमस्टे चालवणाऱ्याला शनिवार-रविवारच्या खोलीची विचारणा सकाळी येते आणि ती त्याला दुपारी फोन हाती घेतल्यावर दिसते, तेव्हा दोष रेंजचा असतोच असे नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरील निर्बंध काढून टाकले की बहुधा प्रश्न सुटतो. आयफोनवर ही उस्तवार करावी लागत नाही.

विजेचा विचार केल्याशिवाय कोकणातील फोनची चर्चा पुरी होत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. अशा दिवसांत ५,००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी आणि अर्ध्यापाऊण तासात भरणारा चार्जर ही मध्यम किमतीच्या अँड्रॉइडची जमेची बाजू असते, कारण जनरेटरपाशी सगळ्या वाडीचे फोन रांगेत असतात. आयफोन १५ पासून ॲपलनेही यूएसबी-सी स्वीकारल्यामुळे आता एकच वायर दोघांना चालते. आयफोन १४ किंवा त्याआधीचा असेल तर लाइटनिंगची वेगळी वायर जपावी लागते आणि ती ऐन वेळी गावात मिळेलच असे नाही.

खारी हवा आणि दमटपणा दोघांनाही सारखाच छळतो. पाण्यापासून बचावाची आयपी६८ ही खूण पाहून फोन समुद्रात नेऊ नये : ती चाचणी गोड्या पाण्यातील असते आणि पाण्याने झालेले नुकसान सर्वसाधारण वॉरंटीत धरले जात नाही. दुरुस्तीच्या बाबतीत अँड्रॉइडचे पारडे जड आहे. प्रचलित अँड्रॉइडचा फुटलेला डिस्प्ले रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा गावांतील कारागीर बदलून देतात. आयफोनचा अस्सल भाग आणि अधिकृत दुरुस्ती हवी असेल तर बहुतेकांना कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईची वाट धरावी लागते आणि खर्चही मोठा येतो.

फोन किती वर्षे टिकणार, याचा जुना हिशेब मात्र आता बदलला आहे. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ ची आयओएस २६ मिळाली, आणि असा दीर्घ पाठिंबा ही एके काळी ॲपलचीच मिरास होती. आता गुगल पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन देते, आणि सॅमसंगने गॅलॅक्सी ए१६ सारख्या स्वस्त फोनलाही सहा वर्षे देऊ केली आहेत. सर्वच कंपन्या असे करत नाहीत. दुकानदाराला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी हे विचारावे. वापरलेला आयफोन घेताना सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता पाहावी. ती ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरून घासाघीस करावी.

फायलींबाबत थोडक्यात सांगायचे तर, सातबाऱ्याचा उतारा उतरवून घेणे, तो पेनड्राइव्हवर टाकणे, सेवा केंद्रातील संगणकाला फोन जोडून छापून घेणे ही कामे अँड्रॉइडवर विनासायास होतात. आयफोनवरही ती होतात, पण फाइल नेमकी कुठे गेली, हे शोधण्यात वेळ जातो. छायाचित्रे आणि इतर साठ्यासाठी इंटरनेटवर गुगल १५ जीबी आणि ॲपल ५ जीबी जागा फुकट देते. पाच जीबी एका गणपतीतच भरतात. शेतीशी संबंधित शासकीय ॲप वापरायचे असेल, तर आयफोन घेण्यापूर्वी ते ॲप स्टोअरवर आहे का, हे कोणाच्या तरी फोनवर शोधून पाहावे.

बागायत, होमस्टे किंवा दुकान सांभाळणाऱ्याला, ज्याला दोन सिम, मराठी लेखन आणि जवळची दुरुस्ती लागते, त्याला मी दीर्घ सुधारणांचे आश्वासन असलेला मध्यम किमतीचा अँड्रॉइड सुचवीन. मुंबईतील मुले आयफोन वापरत असतील आणि अडचण आली की आईवडील त्यांनाच विचारणार असतील, तर घरात आयफोन आलेला बरा. फोनवरून ‘आता वर डावीकडे बघ’ असे सांगणाऱ्याच्या हाती तोच पडदा असला म्हणजे निम्मे काम होते.

एका कार्यप्रणालीवरून दुसरीवर जाताना खरी कसोटी व्हॉट्सॲपची असते. अँड्रॉइडवरून गुगल ड्राइव्हमध्ये ठेवलेला व्हॉट्सॲपचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही आणि ॲपलच्या आयक्लाउडमधला बॅकअप अँड्रॉइडवर उघडत नाही. दोन्ही फोन एकत्र ठेवूनच संभाषणे हलवावी लागतात आणि नवा फोन त्या वेळी कोरा असावा लागतो. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप वापरतात, दोन्ही फोन चार्जरला लावतात आणि एकाच वायफायला जोडतात. उलट दिशेने जाताना साधारणपणे वायर लागते. वीज आणि रेंज दोन्ही टिकतील असा दिवस पाहून हे काम करावे, यूपीआयची नोंदणी त्याच बैठकीत उरकावी, आणि जुनी संभाषणे नव्या फोनवर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुना फोन पुसू नये किंवा कोणाला देऊ नये.