ट्रिनिटी रॉक अँड पॉप ग्रेड ८, बास गिटार: परीक्षेनंतर काही महिन्यांनी

ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेची बास गिटारची ग्रेड ८ परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं, त्यालाही आता बरेच महिने झाले. निकाल लागल्या लागल्या लिहायला बसले असते तर गुणांबद्दलच लिहिलं असतं. आता त्यातलं रोजच्या वाजवण्यात काय उरलं ते नीट दिसतं, म्हणून लिहिते.

मी ऑर्केस्ट्रात बास वाजवते. गणेशोत्सव, लग्नाची संगीत संध्याकाळ, सोसायटीचा वर्धापनदिन, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम. आमच्याकडे जवळपास सगळे कानावर वाजवतात. गाणं ऐकायचं, पीस बसवायचे, आणि गायिका ऐनवेळी म्हणाली ‘आज काळी दोन नको, पांढरी दोन’ की तिथल्या तिथे पट्टी बदलायची. ही विद्या मोठी आहे आणि कुठल्याही परीक्षेपुढे ती कमी ठरत नाही. तरी पुढे डिप्लोमा करायचा तर आधी ग्रेड ८ची तयारी हवी, म्हणून या वाटेला आले. ग्रेड ६ ते ८ हा ब्रिटिश पात्रता-चौकटीतला लेव्हल ३. डिप्लोमा त्याच्या वर, लेव्हल ४ पासून. रॉकस्कूल परीक्षा घेणाऱ्या आरएसएल या दुसऱ्या ब्रिटिश संस्थेचे डिपआरएसएल आणि एलआरएसएल हे डिप्लोमे तिथे येतात.

परीक्षेचा साचा सरळ आहे. तीन गाणी आणि एक ‘सेशन स्किल्स’ची, म्हणजे समोर येईल ते तिथल्या तिथे वाजवण्याची चाचणी. पहिल्या दोन गाण्यांना प्रत्येकी २५ गुण, तिसऱ्या ‘टेक्निकल फोकस’ (तंत्रावर भर असलेल्या) गाण्याला ३०, सेशन स्किल्सला २०. ६० ला पास, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन. लेखी थिअरीची अट नाही, खालच्या ग्रेड दिलेल्या असायलाच हव्यात असंही नाही. व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायचीही सोय आहे, पण मी समोरासमोरची परीक्षा निवडली आणि तुम्हालाही तीच सुचवेन. खोलीत तुम्ही, परीक्षक, अँप आणि ट्रॅक. बाकी कुणी नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते बॅकिंग ट्रॅकनं. पुस्तकाबरोबर प्रत्येक गाण्याचे दोन ट्रॅक मिळतात, एक पूर्ण, म्हणजे डेमो, आणि एक आपलं वाद्य वगळलेला, म्हणजे बॅकिंग ट्रॅक. स्टेजवर गायक मुखड्याआधी सूर लांबवतो, ड्रमरची आणि माझी नजरानजर होते, आम्ही थांबतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. पण खरी गोष्ट लयीच्याही पुढची आहे. कानावर वाजवताना आपण सूर कुठे सुरू होतो ते पकडतो. तो कुठे संपतो याकडे लक्ष जात नाही. कागदावर मात्र प्रत्येक स्वराची लांबी लिहिलेली असते, विरामही लिहिलेले असतात. ड्रमरचा स्नेअर ड्रम वाजायच्या क्षणी बास बंद हवा असेल आणि तो अर्धी मात्रा घुमत राहिला, तर सगळा ग्रूव्ह गढूळ होतो. हे डोक्यात शिरल्यावर माझ्या डाव्या हाताचं काम बदललं. तार दाबण्याइतकंच ती वेळेवर मोकळी करणं, उजव्या हाताच्या बोटांनी बाकीच्या तारा गप्प ठेवणं. आजही कार्यक्रमात साउंडवाला बास वाढवायला कचरत नाही, त्याचं कारण मी हेच मानते.

दुसरं गाणं आपल्या पसंतीचं घेता येतं, स्वतःची रचना असली तरी चालते. मी स्वतःचीच घेतली, रूपकातली. सात मात्रा, तीन-दोन-दोन. रूपकाची गंमत अशी की समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (बिनटाळीची हलकी जागा) असते. पाश्चात्त्य सवयीनं पहिल्या मात्रेवर जाड बास टाकला की रूपक राहतच नाही, नुसता सातचा हिशोब उरतो. म्हणून पहिल्या मात्रेवर वरच्या सप्तकातला हलका स्वर ठेवला आणि वजन चौथ्या-सहाव्या मात्रेवर दिलं. परीक्षकांना द्यायच्या चार्टवर, म्हणजे गाण्याच्या लिहिलेल्या कागदावर, हे सगळं लिहून काढावं लागलं, आणि आपल्या तालाबद्दल मला इतकी स्पष्टता आधी कधीच आली नव्हती. बासशिवायचा ट्रॅकही मला स्वतःच तयार करावा लागला, त्यासाठी वेळ राखून ठेवा. ग्रेड ८ला शोभेल इतकं कठीण काम त्या रचनेत असायला हवं, नुसती आवडती चाल पुरत नाही.

आता सेशन स्किल्स. माझ्या मते ही परीक्षा द्यावी ती या २० गुणांसाठी. ‘प्लेबॅक’ किंवा ‘इम्प्रोव्हायझिंग’ (ऐनवेळी स्वतःचं सुचेल ते वाजवणं) यांतलं एक निवडायचं. प्लेबॅकमध्ये कधीही न पाहिलेला चार्ट समोर येतो, तो बघायला अर्धा मिनिट मिळतो आणि ट्रॅक सुरू होतो. काही ठिकाणी ट्रॅकमध्ये ऐकू आलेली ओळ लगेच तशीच वाजवून दाखवायची, काही ठिकाणी लिहिलेलं वाचून वाजवायचं. एक फेरी सरावाची, दुसरी गुणांची. कान आणि डोळा एकाच वेळी लागतात. कानवाल्यांची ऐकून वाजवायची बाजू पक्की असते, वाचायची कच्ची. शाळेत पियानो शिकलेल्यांचं बहुतेकदा उलटं.

सरावाचे हे चार्ट वाचता वाचता मला राहून राहून मुंबईच्या जुन्या रेकॉर्डिंग स्टुडिओंची आठवण येत होती. तिथल्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक इतके का होते? चर्चच्या शाळांतून लहानपणीच स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेले हे लोक समोर ठेवलेला कागद वाचून टेक देऊ शकत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सगळे याच परंपरेतले. ‘सेशन स्किल्स’ नावाखाली जे तपासलं जातं ते या माणसांचं रोजचं काम होतं. पॉप्युलर संगीताचा पेशा आपल्याकडे अशा वाचणाऱ्या वादकांच्या खांद्यावर उभा राहिला, आणि आज आपण वाचणं सोडून देतो आहोत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपयोग किती झाला? ऑर्केस्ट्रात प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, मानधन त्यानं वाढलं नाही आणि वाढेल अशी आशा ठेवून फी भरू नका. शिकवण्या घेताना मात्र पालक विचारतात. स्टुडिओतही फरक पडला: संगीत संयोजकानं चार्ट पाठवला तर मी तो आदल्या रात्री वाचून जाते, ऐकून बसवायला पाठवलेल्या रेफरन्स ट्रॅकची वाट बघत बसत नाही. गाण्यांची यादी ब्रिटिश-अमेरिकन रॉक, सोल, फंकची आहे. आपल्या चालींशी नातं आपल्यालाच जोडावं लागतं, आणि आपल्या पसंतीच्या गाण्याची जागा त्यासाठीच वापरावी.

कानावर वाजवत आलेल्यांनी थेट ग्रेड ८चं पुस्तक उघडू नये, नियमात बसत असलं तरी. हाताला ती गाणी जमतील, डोळ्याला जमणार नाहीत. ग्रेड ४ किंवा ५चं पुस्तक घ्या, मुंबईत धोबीतलावच्या फर्टाडोजमध्ये विचारा. त्यातली गाणी ट्रॅक न ऐकता, फक्त कागदावरून, मेट्रोनोम संथ लावून वाजवा आणि मगच डेमो ऐका. कागद वाचून मनात आलेलं आणि डेमोत ऐकू येणारं एक होऊ लागलं की सेशन स्किल्सच्या सरावाचं वेगळं पुस्तक घ्या. गाणी त्यानंतर बसवली तरी चालतील.