कॅनोपी कोर्स: पैसे वसूल, पण सकाळची बॅच घ्या

स्कायडायव्हिंगच्या बी लायसन्ससाठी यूएसपीएचं (अमेरिकेतली पॅराशूट संघटना) कॅनोपी कार्ड, म्हणजे उघडलेलं पॅराशूट चालवता येतं याचं कार्ड, लागतंच, म्हणून कॅलिफोर्नियातल्या आमच्या ड्रॉपझोनवर (उड्या मारायच्या तळावर) हा कोर्स केला. फ्रीफॉलचं काही नाही. पाच हजार फुटांवर उडी मारायची, लगेच पॅराशूट उघडायचं आणि मग फक्त ते चालवायला शिकायचं.

सगळ्यात कामाचं म्हणजे ब्रेकमध्ये, म्हणजे दोन्ही टॉगल (पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी) थोडे खेचून ठेवून, घेतलेलं सपाट वळण. जमिनीजवळ कुणी आडवं आलं की एकच टॉगल जोरात खेचायचा मोह होतो. तसं केलं की कॅनोपी डाइव्ह मारते आणि धडधाकट पॅराशूटखाली माणूस पाय मोडून घेतो. सपाट वळणात उंची फारशी जात नाही. हे वर, भरपूर उंचीवर घोटून घेतात. स्टॉलही, म्हणजे टॉगल इतके खेचायचे की कॅनोपी उडायचीच थांबते, तिथेच करायला लावतात. पोटात गोळा येतो, पण फ्लेअरची (उतरताना दोन्ही टॉगल खेचून वेग मारण्याची) हद्द कळते.

प्रत्येक लँडिंगच्या व्हिडिओची सगळ्यांसमोर चिरफाड होते. कोचबाई फटकळ आहेत, मला तशाच आवडतात. विंग लोडिंगचं (कॅनोपीच्या आकाराच्या मानाने तिच्यावर किती वजन, याचं) लेक्चर मात्र रटाळ. तरी १९० चौरस फुटांच्या कॅनोपीवरून १७० च्या छोट्या कॅनोपीवर उतरायची घाई असलेल्यांनी ते ऐकावंच.

दुपारी वारा वाढला की नुसतं बसून राहावं लागतं. जंप तिकिटांचे पैसे फीमध्ये धरलेले नाहीत, हे आधी कुणी सांगत नाही.