पहिली नोकरी: बदलापूरचं नर्सिंग होम की मुरबाडचं सरकारी कंत्राट?

जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली, की आपल्याकडच्या बहुतेक मुली ठाणे-वाशीच्या मोठ्या रुग्णालयांकडे धाव घेतात. ठाणे जिल्ह्यातच थोडं आत जायचं ठरवलं, तर या दोन वाटा आहेत.

नर्सिंग होममध्ये काम लवकर मिळतं. बायोडेटा घेऊन थेट डॉक्टरांना भेटायचं. लोकलने घरून ये-जाही होते. फक्त नेमणूकपत्र मागून घ्या आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. माझ्या मैत्रिणीची अडकली होती, सोडवताना तिचे फार हाल झाले.

सरकारी कंत्राटासाठी, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या कंत्राटी नर्सच्या नोकरीसाठी, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातीची वाट पाहावी लागते. जिल्हा परिषदेचं संकेतस्थळ बघत राहायचं. करार साधारण ११ महिन्यांचा, पुढे नूतनीकरण. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी. रात्रपाळी असेल तर तिथेच खोली घ्या.

पण तिथलं शिकणं! भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण येतो. कोरड्या काचेच्या नळीत त्याचं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं का बघायचं. प्रतिविष चालू असताना नाडी, रक्तदाब, श्वास, जड होणाऱ्या पापण्या, सगळ्यावर तुमचीच नजर. शेजारच्या खोलीत कुणाला कळा सुरू असतात. हात असे तयार होतात.

घर थांबू शकत असेल तर मी मुरबाडच म्हणेन. पगार लगेच हवा असेल तर नर्सिंग होम धरा, अर्ज मात्र भरत राहा.